सातासमुद्रापलीकडून घरचा आहेर

ऑगस्ट १९६९ मध्ये उत्तर आयर्लंडची २२ वर्षांची एक तरुणी न्यूयॉर्कला उतरली. बर्नाडेट डेव्हलिन तिचे नाव. चारच महिन्यांपूर्वी ती ब्रिटिश पार्लमेंटवर निवडून आली होती. डेरी शहरातल्या बॉगसाइड वस्तीत पोलीस आणि कॅथलिक रहिवासी यांच्यात तीन दिवस तुंबळ धुमश्चक्री झाली, तेव्हा ती रस्त्यावर होती. आणि आता होरपळलेल्या कुटुंबांसाठी निधी मागायला ती अमेरिकेतल्या आयरिश मंडळींच्या दारी आली होती. स्वागत जंगी झाले. महापौर जॉन लिंडसे यांनी तिच्या हाती न्यूयॉर्क शहराची मानाची किल्ली ठेवली. संयुक्त राष्ट्रांचे सरचिटणीस ऊ थांट तिला भेटले. टीव्हीवाल्यांनी तर तिला डोक्यावरच घेतले.

मग बिनसले. डेरीतल्या कॅथलिकांच्या हालांनी ज्यांचे डोळे भरून येत होते, त्यांना स्वतःच्याच शहरातल्या काळ्या शेजाऱ्यांच्या हक्कांची मात्र अॅलर्जी होती, हे तिच्या लक्षात यायला वेळ लागला नाही. डेट्रॉइटमध्ये काळ्या लोकांना सभागृहात घेतल्याशिवाय आपण व्यासपीठावर चढणार नाही, असे तिने यजमानांना बजावले. दौरा तिने आटोपता घेतला. पुढच्या वर्षी तिचा सहकारी इमन मॅकान न्यूयॉर्कला गेला आणि तिच्या वतीने ती किल्ली त्याने ‘ब्लॅक पँथर’ या काळ्यांच्या लढाऊ संघटनेच्या स्वाधीन केली. यजमानांचा तिळपापड झाला, हे वेगळे सांगायला नको.

परदेशस्थ आयरिशांच्या चळवळींचे बळ आणि त्यांतली खोट, दोन्ही या एका दौऱ्यात दिसतात. मायदेशासाठी जीव तुटतो, हात सैल होतो. पण न्यायाची कल्पना अनेकदा आपल्या माणसांपाशीच येऊन थांबते. आणि मायदेशालाही हेच सोयीचे असते. परदेशी गेलेल्यांचा पैसा हवा, अभिमान हवा, प्रश्न तेवढे नकोत. आयर्लंडचा अनुभव मात्र असा की, पाकीट पाठवणाऱ्यांपेक्षा जाब विचारणाऱ्यांनी त्या देशाचे अधिक भले केले. आणि ज्यांना देशानेच घराबाहेर काढले होते, त्यांनी विचारलेला जाब सर्वांत मोलाचा ठरला.

हे बळ आले कुठून? १८४१ च्या जनगणनेत आयर्लंडची लोकसंख्या ८० लाखांवर होती. १८४५ पासून बटाट्यावर करपा पडू लागला. त्या महादुष्काळात सुमारे दहा लाख माणसे दगावली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली. बोटीत बसलेल्यांनी सोबत भूक नेली, तसा रागही नेला. १८८० च्या फेब्रुवारीत आयरिश नेते चार्ल्स पार्नेल अमेरिकी प्रतिनिधिगृहात कुळांची कैफियत मांडत होते. १९१६ च्या डब्लिनमधल्या उठावाच्या जाहीरनाम्यात अमेरिकेतल्या लेकरांच्या पाठिंब्याचा ठळक उल्लेख आहे. १९१९-२० मध्ये स्वातंत्र्यलढ्याचे नेते एमन डी व्हॅलेरा दीड वर्ष अमेरिकाभर फिरले, न जन्मलेल्या प्रजासत्ताकाचे रोखे विकत राहिले आणि त्यांनी ५० लाख डॉलरहून अधिक रक्कम उभी केली. गंमत म्हणजे हे डी व्हॅलेराही जन्माने न्यूयॉर्कचेच.

त्या दौऱ्यात, फेब्रुवारी १९२० मध्ये, ते न्यूयॉर्कमधल्या भारतीय क्रांतिकारकांच्या व्यासपीठावरही गेले आणि भारत व आयर्लंड यांचा लढा एकच असल्याचे त्यांनी सांगितले. ही ओळख जुनी होती. लोकमान्य टिळकांनी एप्रिल १९१६ मध्ये बेळगावला ज्या होमरूल लीगची स्थापना केली, तिचे नावच आयरिश चळवळीतून आलेले. पुढच्या वर्षी लाला लजपतराय यांनी न्यूयॉर्कमध्ये तशीच लीग काढली आणि डॉ. ना. सु. हर्डीकर तिथे त्यांचे सहकारी होते. परक्या भूमीवरून घरच्या लढ्याला रसद कशी पुरवावी, याचा धडा आयरिशांनी आधीच गिरवून ठेवला होता.

रसदीत बंदुकाही होत्या, आणि ही बाजू झाकून चालणार नाही. १९७० मध्ये मायकेल फ्लॅनरी यांनी न्यूयॉर्कला ‘नोरेड’ ही संस्था काढली. कैद्यांच्या कुटुंबांना मदत, हे तिचे जाहीर काम. अमेरिकी न्यायालयाने मात्र तिला ब्रिटिश सत्तेविरुद्ध लढणाऱ्या आयआरए या सशस्त्र संघटनेची हस्तक म्हणून नोंदणी करायला भाग पाडले. अमेरिकेतून आर्मालाइट रायफली बेलफास्टच्या गल्ल्यांत पोचत होत्या, हे तर उघड गुपित होते. १९८३ च्या सेंट पॅट्रिक दिनाच्या मिरवणुकीचे अध्वर्यू म्हणून याच फ्लॅनरींची निवड झाली, तेव्हा आयर्लंडच्या सरकारनेच तिच्यावर बहिष्कार टाकला. उत्तर आयर्लंडच्या तीस वर्षांच्या रक्तपातात साडेतीन हजारांवर माणसे मेली. ती बेलफास्ट, डेरी, ओमा, बर्मिंगहॅम इथे मेली. बोस्टनच्या दारूच्या गुत्त्यात वर्गणीचा डबा फिरवणाऱ्याच्या केसालाही धक्का लागला नाही. दुसऱ्याच्या मुलाच्या हाती बंदूक देणे दुरून फार सोपे असते.

हा डबा बंद करायला निघाला तो डेरीचाच एक माजी शिक्षक, जॉन ह्यूम. १९७२ मध्ये जर्मनीतल्या बॉन शहरात ते सिनेटर टेड केनेडींना भेटले. त्याआधी केनेडी उत्तर आयर्लंडला ब्रिटनचे व्हिएतनाम म्हणत होते. ह्यूम यांनी त्यांना तिथले गुंते समजावून सांगितले. मार्च १९७७ मध्ये केनेडी, सभापती टिप ओ’नील, सिनेटर मॉयनिहॅन आणि न्यूयॉर्कचे गव्हर्नर ह्यू कॅरी या चौघांनी संयुक्त पत्रक काढून हिंसेला पैसा देऊ नका, असे आपल्याच मतदारांना सांगितले. आयरिश मतांवर निवडून येणाऱ्यांनी आयरिशांनाच खडे बोल सुनावणे ही साधी गोष्ट नव्हती.

तरी या साऱ्यात सर्वांत चतुर हत्यार ठरले ते हिशेबाच्या वह्यांतले. उत्तर आयर्लंडमध्ये कॅथलिक पुरुषांत बेकारीचे प्रमाण प्रॉटेस्टंटांच्या अडीचपट होते. १९७६ चा समान रोजगाराचा कायदा कागदावर होता. नोकऱ्या मात्र वशिल्याने आणि धर्म बघून वाटल्या जात. १९८४ मध्ये शॉन मॅकब्राइड यांच्या नावाने नऊ तत्त्वे जाहीर झाली. मॅकब्राइड म्हणजे एकेकाळचे आयआरएचे प्रमुख, पुढे अॅम्नेस्टी इंटरनॅशनलच्या संस्थापकांपैकी एक आणि १९७४ चे शांततेचे नोबेल मिळालेले गृहस्थ. वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेतल्या अमेरिकी कंपन्यांसाठी जी सलिव्हन तत्त्वे आखली गेली, त्यांच्याच धर्तीवर ही बेतलेली होती. जागा भरायची तर जाहिरात द्या. कामगाराला कारखान्यापर्यंत येता-जाता जिवाची भीती वाटू नये, याची काळजी घ्या. कारखान्यात धार्मिक-राजकीय चिथावणीची निशाणे लावू देऊ नका. मागण्या एवढ्या साध्या होत्या.

खुबी होती ती पुढे. न्यूयॉर्क शहराच्या नोकरदारांच्या पेन्शन फंडांकडे ज्या कंपन्यांचे शेअर होते, त्यांतल्या कित्येकांचे कारखाने उत्तर आयर्लंडमध्ये होते. शहराचे हिशेबनीस हॅरिसन गोल्डिन यांनी भागधारक या नात्याने त्या कंपन्यांना प्रश्न विचारायला सुरुवात केली. फादर शॉन मॅकमॅनस यांच्या ‘आयरिश नॅशनल कॉकस’ने राज्याराज्यांत विधिमंडळांचे उंबरे झिजवले. मॅसॅच्युसेट्सने १९८५ मध्ये तत्त्वांच्या बाजूने कायदा केला आणि मागोमाग इतर राज्ये आली. अमेरिकेतल्या सफाई कामगाराच्या आणि शिक्षिकेच्या म्हातारपणाच्या पुंजीने बेलफास्टच्या मुकादमाला घाम फोडला. लंडनच्या सरकारने या मोहिमेला कडाडून विरोध केला. खुद्द ह्यूमही साशंक होते; गुंतवणूकच पळाली तर नोकऱ्या कुणाला मिळणार, हा त्यांचा सवाल होता आणि तो गैर नव्हता. पण १९८९ मध्ये ब्रिटनला नवा कायदा करावा लागला आणि मालकांना आपल्या कामगारांत कोणत्या समाजाचे किती, याची नोंद सरकारला देणे भाग पडले. अमेरिकेतून दाब आला नसता तर तो इतक्या लवकर झाला असता, असे म्हणणारे थोडेच सापडतील.

ब्रिटनमधल्या आयरिशांची गोष्ट मात्र निराळी. अमेरिकेत हिरवा टाय लावून मिरवता येत होते. बर्मिंगहॅममध्ये तोंडातून आयरिश हेल बाहेर पडण्याचीही भीती होती. १९७४ च्या दहशतवादविरोधी कायद्याने पोलिसांना आरोपाविना सात दिवस डांबून ठेवण्याची मुभा दिली होती. त्याच काळात गिल्डफर्ड आणि बर्मिंगहॅमच्या स्फोटांबद्दल निरपराध माणसे जन्मठेपेवर गेली. लंडनमध्ये सिस्टर सारा क्लार्क ही आयरिश जोगीण तुरुंगातुरुंगांतून या कैद्यांसाठी हेलपाटे घालत राहिली, तेव्हा समाजातले बरेच प्रतिष्ठित आयरिशही तिच्या वाऱ्याला उभे राहत नव्हते. गिल्डफर्डचे चौघे १९८९ मध्ये सुटले आणि बर्मिंगहॅमचे सहा १९९१ मध्ये. त्या चौघांपैकी एकाचे वडील जुझेपी कॉनलन हेही त्याच प्रकरणातून तुरुंगात गेले होते; त्यांची सुटका झालीच नाही. १९८० मध्ये ते कैदेतच वारले.

१९९४ मध्ये आयआरएशी जोडलेल्या शिन फेन पक्षाचे नेते जेरी अॅडम्स यांना ४८ तासांचा अमेरिकी व्हिसा मिळाला, तो परराष्ट्र खात्याचा आणि लंडनचा विरोध डावलून. त्यामागे वृत्तपत्रकार नील ओ’डाउड, माजी काँग्रेस सदस्य ब्रूस मॉरिसन, विमा कंपनीचे प्रमुख बिल फ्लिन आणि ‘ड्यूटी फ्री’ दुकानांतून अब्जाधीश झालेले चक फीनी यांची खटपट होती. सात महिन्यांनी आयआरएने शस्त्रसंधी जाहीर केली आणि १० एप्रिल १९९८ रोजी गुड फ्रायडे करार झाला. हा भाग बहुतेकांना ठाऊक असतो, कारण तो अभिमानाने सांगितला जातो.

अभिमानाने न सांगितला जाणारा भाग पुढचा आहे. इंग्रजांना जाब विचारणे सोपे असते. तिथे टाळ्या मिळतात. आपल्याच सरकारला, आपल्याच चर्चला आणि आपल्याच गावाला जाब विचारायचा म्हटले की ‘तुम्ही बाहेर राहून काय सांगता’ असे ऐकावे लागते. शिवाय परदेशस्थ मंडळी घरच्यांपेक्षा नेहमी पुढारलेली असतात, असेही नाही. न्यूयॉर्कमधल्या सेंट पॅट्रिक दिनाच्या मिरवणुकीत १९९१ पासून समलिंगी आयरिशांच्या संघटनांनी आपला फलक घेऊन चालण्याची परवानगी मागितली. त्या वर्षी महापौर डेव्हिड डिंकिन्स त्यांच्यासोबत चालले, तर त्यांच्यावर बिअरचे डबे फेकले गेले. पुढची दोन तपे नकारघंटाच वाजत राहिली. ‘लॅव्हेंडर अँड ग्रीन अलायन्स’ या संघटनेला मिरवणुकीत जागा मिळाली ती मार्च २०१६ मध्ये. तोवर खुद्द आयर्लंडने सार्वमत घेऊन ६२ टक्क्यांनी समलिंगी विवाहाला मान्यता देऊन टाकली होती. जो देश मनात जपला होता, तो केव्हाच बदलला होता. जपणाऱ्यांनाच पत्ता नव्हता.

मग जाब विचारला कुणी? ज्यांना पाठवून दिले होते, त्यांनी. स्वतंत्र आयर्लंडने आपल्या अडचणीच्या माणसांसाठी तीन वाटा ठेवल्या होत्या. कोंडवाडा, दत्तकविधान आणि बोट. लग्नाआधी दिवस गेलेल्या, अनाथ किंवा नुसत्याच नकोशा मुलींना जोगिणींच्या मॅग्डालीन लाँड्र्यांत बिनपगारी कपडे धुवायला ठेवत. १९२२ पासून किमान दहा हजार स्त्रिया तिथून गेल्या. शेवटची लाँड्री १९९६ मध्ये बंद झाली. कुमारी मातांची दोन हजारांहून अधिक मुले अमेरिकेत दत्तक धाडली गेली. आणि पोट दिसू लागण्याआधी इंग्लंडची बोट पकडणाऱ्या मुली इतक्या होत्या की, तिथल्या समाजसेविकांनी त्यांच्यासाठी ‘पीएफआय’ असे आद्याक्षरांचे लेबलच तयार केले होते: आयर्लंडहून आलेली गर्भवती.

मारी स्टीड यांचा जन्म कॉर्कच्या बेसबरो या कुमारी मातांसाठीच्या मातृगृहातला. दत्तक होऊन त्या लहानपणीच अमेरिकेत पोचल्या. आईचा शोध घेताना कळले की, आईची तारुण्यातली वर्षे लाँड्रीत गेली होती. २००३ मध्ये त्यांनी इतर दत्तक स्त्रियांसोबत ‘जस्टिस फॉर मॅग्डालीन्स’ ही संघटना उभी केली. बोस्टन कॉलेजातले प्राध्यापक जेम्स स्मिथ यांनी लाँड्र्यांवर ग्रंथ लिहिला होता. ते सोबत आले. हार्वर्डमध्ये शिकलेल्या तरुण वकील मेव ओ’रुर्क यांनी २०११ मध्ये हे गाऱ्हाणे संयुक्त राष्ट्रांच्या छळविरोधी समितीपुढे नेले. तोवर सरकारचे पालुपद एकच होते: लाँड्र्या खासगी, आमचा संबंध नाही. एका मंत्र्याने तर या स्त्रियांना पत्रात ‘माजी कर्मचारी’ म्हटले होते. जणू त्या पगार घेऊन राजीनामा देऊन गेल्या! समितीने चौकशीची शिफारस केली. फेब्रुवारी २०१३ च्या सरकारी अहवालात निघाले की, ज्यांच्या येण्याची वाट नोंदीत सापडते त्यांतल्या चौथ्या हिश्शाहून अधिक स्त्रियांना सरकारी यंत्रणेनेच तिथे धाडले होते. पंतप्रधान एन्डा केनी आधी लंडनला जाऊन तिथे राहणाऱ्या पीडित स्त्रियांना भेटले आणि १९ फेब्रुवारीला त्यांनी संसदेत देशाच्या वतीने माफी मागितली.

त्याच २०१३ साली आयर्लंडच्या पर्यटन खात्याने ‘द गॅदरिंग’ नावाचा वर्षभराचा सोहळा मांडून जगभरच्या आयरिशांना घरी येण्याचे आवतण दिले होते. अभिनेता गेब्रिएल बर्न याने, परदेशस्थांच्या खिशातले चार पैसे काढून घेण्याचा हा डाव आहे, असे सुनावले. तो एकेकाळी आयर्लंडचा सांस्कृतिक दूत होता, त्यामुळे हा आहेर जरा जास्तच झोंबला. त्याचे शब्द कडवट होते, पण मुद्दा खरा होता.

तिसऱ्या वाटेवरची, म्हणजे बोटीवरची, माणसे कधी थांबलीच नाहीत. १९८३ मध्ये आठव्या घटनादुरुस्तीने गर्भपातावरची जवळपास सरसकट बंदी घटनेतच कोरली गेली आणि दीड लाखाहून अधिक स्त्रिया इंग्लंडला जाऊन आल्या. लंडनमधल्या आयरिश बायकांनी त्यांच्यासाठी १९८० पासून मदतगट चालवला. फोनवर कुणी ऐकू नये म्हणून गर्भपातासाठी ‘इमेल्डा’ हा परवलीचा शब्द होता, आणि स्टेशनवर उतरलेल्या घाबऱ्या मुलीला ओळख पटावी म्हणून घ्यायला येणारी बाई लाल स्कर्ट नेसून येई. रात्रीचा मुक्काम, चहा, क्लिनिकचा पत्ता आणि प्रसंगी पैसे, हे सारे काम गाजावाजा न करता दोन दशके चालले.

आणि मग २८ ऑक्टोबर २०१२ रोजी गॉलवेच्या रुग्णालयात सविता हलप्पनवार गेली. बेळगावची ही ३१ वर्षांची दंतवैद्य. सतरा आठवड्यांचा गर्भ वाचणार नाही हे स्पष्ट होते. तरी त्याचे ठोके चालू आहेत म्हणून गर्भपात नाकारला गेला आणि जंतुदोषाने तिचा बळी घेतला. डब्लिनमध्ये हजारो लोक रस्त्यावर आले, आणि लंडनमध्ये आयरिश दूतावासासमोरही निदर्शने झाली. आयर्लंडचा विवेक जागा झाला तो तिथे परकी असलेल्या स्त्रीच्या मृत्यूने, आणि त्याला वाचा फोडणाऱ्यांत तिथून परदेशी गेलेल्या स्त्रियाही होत्या. आठवी घटनादुरुस्ती रद्द करण्याच्या २५ मे २०१८ च्या सार्वमतासाठी ‘होम टू व्होट’ची हाक गेली. लंडन, टोरंटो, सिडनी, टोकियो अशा ठिकठिकाणांहून तरुण-तरुणी विमाने आणि बोटी पकडून केवळ एक मत टाकायला घरी परतले. बेळगावहून सविताच्या वडिलांनी ‘होय’ म्हणण्याची विनंती केली होती. ६६.४ टक्के लोकांनी ते म्हटले. डब्लिनच्या पोर्टोबेलो भागातल्या भिंतीवर सविताचा चेहरा रंगवला होता. निकालाच्या दिवशी ती भिंत क्षमेच्या आणि कृतज्ञतेच्या चिठ्ठ्यांनी झाकून गेली.

परतणाऱ्या या मुलामुलींना मताचा हक्क होता, कारण त्यांना देश सोडून अठरा महिने झाले नव्हते आणि परतण्याचा इरादा होता. त्याहून जुन्यांना तो नाही. टपाली मतदान राजदूतावासातले अधिकारी आणि सैनिक अशा मोजक्यांनाच. अपवादही मासलेवाईक आहे: ठरावीक उच्चशिक्षण संस्थांचे पदवीधर असाल तर परदेशातून टपालाने सिनेटच्या काही जागांसाठी मत देता येते. म्हणजे पदवी घेऊन गेलेल्याला मत, आणि लाँड्रीतून सुटून बोटीने गेलेलीला नाही! सात कोटी लोक आयरिश वंशाचे म्हणवतात. त्या सगळ्यांना मत द्या असे कुणी म्हणत नाही आणि म्हणूही नये. जो तिथे कर भरत नाही, तिथल्या दवाखान्यात रांग लावत नाही, त्याने तिथले सरकार ठरवू नये, या युक्तिवादात तथ्य आहे. नोरेडच्या डब्याने ते सिद्धच केले आहे. पण राष्ट्राध्यक्षपद हे तिथे मानाचे पद आहे. त्यापुरते मत परदेशस्थ नागरिकांना द्यावे, अशी शिफारस घटनाविषयक परिषदेने २०१३ मध्येच केली. त्यासाठीचे सार्वमत अजून झालेले नाही.

त्याहून तातडीची बाब भरपाईची आहे. मातृगृहांच्या चौकशी आयोगाचा अहवाल जानेवारी २०२१ मध्ये आला. १८ संस्थांत सुमारे नऊ हजार मुले दगावल्याचे त्यात नोंदले आहे. पुन्हा माफी मागितली गेली. अशाच एका मातृगृहातून गेलेल्या, इंग्लंडमध्ये राहणाऱ्या फिलोमिना ली यांना मात्र त्या अहवालाविरुद्ध कोर्टाची पायरी चढावी लागली, कारण ज्यांची ओळख त्यातून पटू शकत होती त्यांना तो छापण्यापूर्वी दाखवलाच गेला नव्हता. डिसेंबर २०२१ मध्ये सरकारला आपली ही चूक मान्य करावी लागली. मार्च २०२४ पासून भरपाईची योजना सुरू झाली, पण मूल म्हणून सहा महिन्यांहून कमी काळ तिथे काढलेल्यांना तिच्यातून वगळले आहे. ब्रिटनमध्ये स्थायिक झालेल्या वृद्ध स्त्रियांपुढे आणखी एक पेच आहे: भरपाईची रक्कम खात्यात जमा झाली की तिथले उत्पन्नावर आधारित सरकारी भत्ते बंद होण्याची टांगती तलवार. ब्रिटिश खासदार लिअम कॉनलन यांनी २०२५ मध्ये फिलोमिना ली यांच्या नावाने विधेयक मांडले ते ही अडचण दूर करण्यासाठी. या स्त्रिया आता सत्तरी-ऐंशीच्या घरात आहेत. डब्लिनने सहा महिन्यांची अट काढावी आणि लंडनने त्यांच्या भत्त्यांना हात लावू नये. दोन्ही गोष्टी त्या हयात असतानाच व्हायला हव्यात.